आधी बॅटरी, मग बाकीचं सगळं

छताचा पंखा उतरवायचा असेल तर वायरमन शिडी लावण्याआधी मेन स्विच खाली करतो. त्याला हे कुणी सांगावं लागत नाही. टॅबलेट उघडताना मात्र हा साधा नियम हमखास विसरला जातो, कारण टॅबलेटला बाहेरून दिसणारा मेन स्विच नसतोच. कडेचं बटण दाबून धरलं, 'पॉवर ऑफ'वर बोट टेकवलं आणि पडदा काळा झाला, की वीज बंद झाली असं आपण धरून चालतो. ती झालेली नसते.

पॉवर बटण विजेची वाट तोडत नाही. ते बोर्डावरच्या पॉवर आयसीला फक्त निरोप देतं. आयसी तो ऐकते आणि प्रोसेसर, पडदा, वायफाय अशा एकेका भागाचा पुरवठा थांबवते. पण पुन्हा बटण दाबलं तर ते कळायला हवं, चार्जर लावला तर ते ओळखता यायला हवं, आतलं घड्याळ चालत राहायला हवं. यासाठी आयसी स्वतः जागीच असते आणि बॅटरीकडून तिच्यापर्यंत येणारी मुख्य वाट पूर्ण जिवंत असते. 'बंद' टॅबलेटच्या बोर्डावर त्या वाटेवर मल्टिमीटर लावला तर चक्क पावणेचार-चार व्होल्ट दिसतात.

टॅबलेटचा खरा मेन स्विच आत असतो. तो म्हणजे बॅटरी आणि बोर्ड यांना जोडणारा नखाएवढा कनेक्टर. म्हणून पडदा बदलायचा असो, चार्जिंगचा जॅक असो किंवा नुसता स्पीकर, टॅबलेट उघडल्यावर पहिलं काम बॅटरी तोडण्याचं आणि बंद करण्याआधीचं शेवटचं काम ती जोडण्याचं. हा क्रम पाळला तर दुरुस्ती निम्मी सुरक्षित होते.

चार व्होल्ट काय करणार?

चार व्होल्टचा शॉक लागत नाही. उघड्या पिनांना बोट लागलं तरी काही जाणवत नाही, आणि म्हणूनच या विजेची भीती वाटत नाही. पण धोका व्होल्टचा नसून करंटचा आहे.

दहा इंची टॅबलेटमध्ये साधारण ७००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी असते. तिचा सरासरी दाब ३.८५ व्होल्ट धरला तर साठा होतो सुमारे २७ वॉट-तास. एवढ्यावर ९ वॉटचा एलईडी दिवा जेमतेम तीन तास चालेल. साठा मोठा नाही, पण तो किती वेगानं बाहेर पडू शकतो हे महत्त्वाचं आहे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बॅटरीच्या दोन ध्रुवांवर एकदम टेकलं आणि वाटेतला एकूण रोध ०.१ ओहम असला, तर ओहमच्या नियमानं ३८ अँपिअरच्या आसपास करंट वाहू लागतो. म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या जागी जवळपास दीडशे वॉटची उष्णता. ठिणगी उडते, बोर्डावरची तांब्याची बारीक रेघ जळून जाते आणि टॅबलेट 'डेड' होतो.

बॅटरीच्या डोक्याशी एक छोटी संरक्षक पट्टी असते. करंट फार वाढला की ती वाट तोडते. पण तिला तसं करायला क्षणभर वेळ लागतो आणि बोर्डावरच्या नाजूक आयसीला मरायला तेवढा वेळ पुरतो. शिवाय पट्टीच्या अलीकडे, थेट सेलच्या पत्र्यावर शॉर्ट झाला, किंवा बॅटरीत धातूचं टोक घुसलं, तर ही पट्टी काहीही करू शकत नाही.

बॅकलाइट का जाते?

बॅटरी न तोडता काम केल्याची सगळ्यात नेहमीची शिक्षा म्हणजे बॅकलाइट जाणं. नवा पडदा बसवला, टॅबलेट सुरू झाला, आवाजही आला, पण पडदा काळाच. अंधारात टॉर्च तिरपा धरला की चित्र पुसट दिसतं. म्हणजे पडदा ठीक आहे, त्यामागचा उजेड गेला आहे.

हे कसं होतं ते जवळून पाहू. पडद्यामागे पांढऱ्या एलईडींच्या रांगा असतात. एका एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. सात-आठ एलईडी एकापाठोपाठ जोडलेले असले तर रांगेला वीस-पंचवीस व्होल्ट हवेत. बॅटरी देते चारच. म्हणून बोर्डावरचं एक सर्किट हा दाब वाढवून पडद्याच्या कनेक्टरवर आणून देतं. त्याच कनेक्टरमध्ये, मिलिमीटरच्या जेमतेम चार दशांश अंतरावर, चित्राचा डेटा वाहणाऱ्या पिना असतात. त्यांना दीड-दोन व्होल्टच्या वर काही सोसत नाही.

आता पडद्याची पट्टी एका कोपऱ्यातून तिरपी उचलली, किंवा बसवताना जरा वाकडी टेकवली, तर बॅकलाइटची पिन शेजारच्या पिनेला किंवा अर्थला भिडते. बॅटरी जोडलेली असेल तर त्या क्षणी वाटेतला तांदळाच्या कणीपेक्षा लहान फिल्टर उडतो. नशीब चांगलं असेल तर तेवढ्यावर भागतं. नाहीतर डिस्प्लेची आयसीही जाते. फिल्टरची किंमत किरकोळ असते, पण तो बदलायला सूक्ष्मदर्शक आणि सराव लागतो. हे सगळं टाळायला बॅटरीचा कनेक्टर आधी उचलणं पुरेसं असतं.

पाकिटाच्या आत

बोर्ड गेला तर पैसे जातात. बॅटरी बिघडली तर हात आणि डोळे धोक्यात येतात. म्हणून ती आतून कशी असते हे माहीत हवं.

लिथियम-आयन बॅटरी बाजारात पहिल्यांदा आणली सोनीनं, १९९१ मध्ये. तिच्या पायाभूत शोधांसाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. टॅबलेटमध्ये तिचं चपटं रूप असतं. धातूचा डबा नाही, फक्त ॲल्युमिनियमचा थर असलेलं प्लास्टिकचं पातळ पाकीट. आत तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडसारखं संयुग, अशा पट्ट्या एकमेकींवर दुमडलेल्या असतात. दोघींच्या मधे प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा असतो, ज्याला सेपरेटर म्हणतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी, कधी त्याहूनही कमी. आणि हे सगळं ज्या द्रवात भिजलेलं असतं तो द्रव ज्वलनशील आहे.

सेपरेटर फाटला की दोन्ही पट्ट्या आतल्या आत भिडतात. तिथे उष्णता होते. पॉलिएथिलीनचा सेपरेटर १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, मग आणखी मोठा भाग उघडा पडतो, आणखी उष्णता होते. एका टप्प्यानंतर रासायनिक क्रियाच स्वतःला तापवत नेते आणि ती बाहेरून थांबवता येत नाही. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हा फोन जगभरातून परत घ्यावा लागला. तपासात एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्याशी पट्ट्या दबून वाकलेल्या आढळल्या, तर दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कण सापडले. दोन्ही बाबतींत परिणाम तोच, सेपरेटरला इजा आणि आत शॉर्ट. कारखान्यातल्या एवढ्याशा उणिवेनं हे होऊ शकतं, तर टेबलावर लोखंडी पात्यानं बॅटरी उचकटताना काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

उघडण्यापूर्वी

पहिलं काम बॅकअपचं. फोटो, मुलांच्या नोट्स, कामाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या.

दुसरं, चार्ज २५ टक्क्यांच्या खाली येऊ द्या. भरलेल्या सेलमध्ये साठा जास्त असतोच, शिवाय त्या अवस्थेत आतली रसायनंही जास्त अस्थिर असतात. इजा झाली तर भरलेली बॅटरी भडकते, बरीच रिकामी असलेली बॅटरी बहुतेकदा नुसती गरम होऊन धुमसते. विमानानं सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या पाठवताना चार्ज ३० टक्क्यांहून जास्त नसावा हा आंतरराष्ट्रीय नियम २०१६ पासून आहे, तो याच कारणासाठी.

तिसरं, टॅबलेट बंद करा, चार्जर काढा, सिमचा ट्रे आणि मेमरी कार्ड बाहेर घ्या. कार्ड आत राहिलं तर मागचं कव्हर उचलताना ते मधोमध मोडतं. हे इतक्या वेळा घडतं की कार्ड आधी काढणं हा सवयीचाच भाग करावा.

टेबल मोकळं, कोरडं, उजेडाचं हवं. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ उतरवून ठेवा. हाताशी प्लास्टिकचा ओपनर आणि पिक, टोकदार प्लास्टिकची काडी, म्हणजे स्पजर, योग्य मापाचे स्क्रू ड्रायव्हर आणि उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी केप्टॉन टेप असावी. डोळ्यांना चष्मा असावा. लोखंडी ब्लेडला या कामात जागा नाही.

कव्हर किंवा काच डिंकानं चिकटवलेली असेल तर कडेला माफक उष्णता द्या. हात टेकवता येईल पण धरून ठेवता येणार नाही, एवढीच. पिक कडेनं फिरवायचा, काही मिलिमीटरपेक्षा आत घालायचा नाही. टॅबलेटच्या आतली निम्म्याहून जास्त जागा बॅटरीनं व्यापलेली असते, त्यामुळे खोल गेलेला पिक पहिल्यांदा तिलाच गाठतो.

कनेक्टर उचलताना

टॅबलेट उघडला की बॅटरीपासून निघणारी पट्टी किंवा तारा शोधा आणि त्या बोर्डाला कुठे भेटतात ते पाहा. बऱ्याचदा वर पत्र्याची पातळ झडप स्क्रूंनी बसवलेली असते. स्क्रू काढताना ज्या जागेचा तो त्याच जागी कागदावर चिकटवून ठेवा. लांब स्क्रू चुकून आखूड भोकात गेला तर तो बोर्डाचे आतले थर फोडतो. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, जोडताना तोच उपयोगी पडतो.

पुढे चार प्रकार दिसतात आणि प्रत्येकाची रीत वेगळी.

बऱ्याच ब्रँडेड अँड्रॉइड टॅबलेटमध्ये वरून दाबून बसवायचा कनेक्टर असतो. स्पजरचं टोक पट्टीच्या टोकाला असलेल्या चौकोनी डोक्याखाली घालायचं आणि सरळ वर उचलायचं. इथे नजर एकाच गोष्टीवर हवी. आपण उचलतोय ते पट्टीचं डोकं, की बोर्डावर झाळलेली खोबण? स्पजर चुकून खोबणीच्या कडेखाली गेला आणि जोर लावला, तर खोबण बोर्डावरून सोलून निघते. दोन्हींच्या मधली फट केसाएवढी असते. ती दिसेपर्यंत टॉर्च धरा, भिंग लावा, पण अंदाजानं जोर लावू नका. नीट बसलेला स्पजर हलकेच वर केला की 'टक' असा बारीक आवाज येतो आणि डोकं एका बाजूनं सुटतं. मग दुसऱ्या बाजूनं तेच करायचं.

दुसरा प्रकार तारा असलेल्या पांढऱ्या प्लगचा. तो बोर्डाला समांतर, बाजूनं आत सरकवलेला असतो. तो वर उचलायचा नसतो, आला त्याच दिशेनं मागे सरकवायचा असतो. तारा धरून ओढलं तर तारा हातात येतात आणि प्लग जागीच राहतो. प्लगच्या दोन्ही खांद्यांना आळीपाळीनं थोडं थोडं ढकलायचं.

तिसरा प्रकार ॲपलच्या काही टॅबलेटांचा. २०१३ च्या आयपॅड एअरमध्ये उचलता येईल असा बॅटरीचा कनेक्टरच दिसत नाही. बॅटरीचा जोड बोर्डाच्या खाली असतो. तिथे बारीक स्प्रिंगच्या पिना बॅटरीच्या संपर्कांवर दाबून बसतात आणि वरून एक स्क्रू तो दाब धरून ठेवतो. काच सुटी केल्यावर एलसीडीचे स्क्रू काढून तो पालथा करायचा, पण त्याची पट्टी लगेच सोडवायची नाही. आधी बॅटरीचा स्क्रू काढायचा आणि बोर्डाखाली पातळ, वीज न वाहणारी चपटी पट्टी हळूच सरकवायची, म्हणजे स्प्रिंग आणि संपर्क वेगळे राहतात. त्यासाठी खास बनवलेला पिक मिळतो. जाड कार्ड घुसवलं तर स्प्रिंग कायमच्या वाकतात आणि नुसत्या बॅटरी तोडण्यात बोर्ड निकामी होतो. पट्टी अडली तर ती बाहेर काढून पुन्हा सरळ घालायची.

चौथा प्रकार स्वस्त टॅबलेटांत दिसतो, जिथे लाल-काळ्या तारा थेट बोर्डावर झाळलेल्या असतात. इथे कात्रीनं दोन्ही तारा एकदम कापणं ही सगळ्यात घातक चूक, कारण कात्रीचं पातंच दोन्ही ध्रुव जोडतं. सोल्डरिंग आयर्ननं आधी काळी, म्हणजे ऋण तार सोडवायची आणि तिच्या टोकावर लगेच केप्टॉन टेप गुंडाळायची. मग लाल. हा क्रम का? बोर्डावरचे पत्रे, स्क्रू, जॅकचं अंग हे सगळं ऋण बाजूला जोडलेलं असतं. काळी तार जोडलेली असताना सुटी लाल तार यांपैकी कशालाही लागली की शॉर्ट. काळी आधी सुटली असेल तर लाल लागूनही मंडल पूर्ण होत नाही. जोडताना याच्या उलट, लाल आधी आणि काळी शेवटी. तिसरी तार असेल तर ती बहुधा तापमान मोजणाऱ्या घटकाची असते. तिची जागा लिहून ठेवा, ती चुकली तर टॅबलेट चार्ज घेत नाही.

खात्री करून घेणं

कनेक्टर सुटला की पट्टी मागे वळवून टेपनं धरून ठेवा, नाहीतर काम करताना ती आपोआप परत टेकते. मग पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, बोर्डावरच्या कपॅसिटरांत उरलेला भार निघून जातो. मल्टिमीटर असेल तर बॅटरीच्या खोबणीजवळच्या मोठ्या कपॅसिटरवर दाब मोजा. तो शून्याजवळ दिसला की बोर्ड खरोखर बंद. बॅटरीच्या बाजूच्या बारीक पिनांना मात्र मल्टिमीटरची टोकं लावू नका, एक टोक घसरलं तर आपणच शॉर्ट करतो.

आणि एक लक्षात ठेवा. बोर्ड बंद झाला, बॅटरी नाही. ती तेवढीच भरलेली आहे. चार्जिंगचा जॅक बदलायला हॉट एअर वापरायची असेल तर नुसता कनेक्टर काढून भागत नाही. तीनशे-साडेतीनशे अंशांची हवा शेजारच्या पाकिटावर गेली तर पुढे काय होतं ते वर आलंच आहे. बोर्ड बाहेर काढा आणि बॅटरीपासून दूर नेऊन काम करा.

फुगलेली बॅटरी

पडदा एका बाजूनं वर आला, कव्हरला फट पडली, टॅबलेट टेबलावर ठेवला की डुगडुगतो, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. आतला द्रव विघटित होऊन वायू साठतो आणि त्यात ज्वलनशील वायूही असतात. असा टॅबलेट चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका आणि 'हवा काढायला' टाचणी तर मुळीच टोचू नका. घरी उघडण्याच्या फंदात न पडता तो जाणत्या कारागिराकडे न्या.

चिकटलेली बॅटरी काढताना कारागीरही जोर लावत नाहीत. ओढून निघणारी डिंकाची पट्टी असेल तर ती सपाट कोनात सावकाश ओढतात. नसेल तर कडेनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून काही मिनिटं थांबतात आणि मग प्लास्टिकचं कार्ड सरकवतात. एकदा वाकलेली किंवा खरचटलेली बॅटरी परत बसवायची नसते.

काम करताना गोडसर, थिनरसारखा वास आला, फुस्स आवाज झाला किंवा पाकीट हाताला तापू लागलं, तर काम तिथेच सोडा. हाताशी वाळूची बादली असेल तर टॅबलेट तीत टाका, नसेल तर माणसांना बाहेर काढा आणि खिडक्या उघडा. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो, तो फुफ्फुसांना फार घातक. पेट घेतलाच तर भरपूर पाणी चालतं, कारण इथे खरी गरज थंड करण्याची असते. विझल्यासारखी दिसलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती लगेच उचलू नका. आग आवाक्याबाहेर वाटली तर १०१ वर अग्निशमन दलाला फोन करा.

जोडताना आणि टाकताना

दुरुस्ती झाली की पडदा, टच, जॅक, कॅमेरा यांच्या पट्ट्या आधी नीट बसवा आणि बॅटरी सगळ्यात शेवटी जोडा. काही वेळा जोडल्यावरही टॅबलेट सुरू होत नाही. घाबरू नका. बॅटरीतली संरक्षक पट्टी झोपलेली असू शकते, चार्जर लावला की ती जागी होते. टक्केवारी सुरुवातीला चुकीची दिसली तर एकदा पूर्ण चार्ज करून वापरल्यावर ती सुधारते.

नवी बॅटरी घेताना, ती पुण्याच्या तपकीर गल्लीतून घ्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा घरबसल्या मागवा, तिच्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि आयएस १६०४६ हा क्रमांक आहे का ते पाहा. मोबाइल-टॅबलेटच्या बॅटऱ्यांच्या सुरक्षेचं हे आपल्याकडचं मानक आहे. जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर ती तिथे पेटते आणि जीव धोक्यात येतो तो सफाई कामगाराचा. संपर्कांवर टेप लावून ती ई-कचरा संकलन केंद्रावर द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

उत्पादकांची जबाबदारी एवढ्यावर संपू नये. युरोपीय संघानं उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी असा नियम केला असून काही अपवाद वगळता तो १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होत आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीच्या त्या हक्काला खरा अर्थ तेव्हा येईल, जेव्हा बॅटरीचा कनेक्टर कुठे आहे आणि तो कसा सोडवायचा, याची एक पानी आकृती प्रत्येक टॅबलेटसाठी मराठीतही मिळेल. तालुक्याच्या गावात एका टेबलावर दुकान चालवणाऱ्या कारागिराला ती आकृती कंपनीनंच द्यायला हवी. आज तो हे ज्ञान एखादा बोर्ड जाळून मिळवतो, आणि त्याची किंमत कधी त्याला, कधी गिऱ्हाईकाला मोजावी लागते.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. टॅबलेट दुरुस्तीला देताना किमतीची घासाघीस करण्याआधी विचारा, "उघडल्यावर बॅटरी आधी काढता ना?" जो कारागीर ती काढतो त्याला हा प्रश्न आवडतो. आणि जो काढत नाही, त्याला गिऱ्हाईक हे पाहतं एवढं कळलं, तरी उद्यापासून त्याचा हात आधी त्या कनेक्टरकडे जाईल.